इडली हलकी, पण कुणाला?

महोदय,

30 मार्चच्या इडली दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. ‘मधुमेहींनी इडली बिनधास्त खावी’ या वाक्यापाशी अडखळलो, कारण त्या बिनधास्तपणाचे तिकीट मी फाडून बसलो आहे.

एसटीत 31 वर्षे वाहक होतो. स्टँडच्या कॅन्टीनमधला वडा खाल्ला की दुपारपर्यंत पित्त, म्हणून इडली धरली. तेल नाही, जळजळ नाही. निवृत्तीनंतर साखर निघाली तरी सकाळच्या सहा इडल्या काही सुटल्या नाहीत. एके दिवशी खाऊन दोन तासांनी बोट टोचले, तर आकडा 218! यंत्र बिघडले असेल म्हणून सौ.चेही बोट टोचले. तिचा 112.

नात आहारशास्त्र शिकते. म्हणाली, ‘‘आबा, हलकी ती पोटाला. जे झटकन पचतं, त्याची साखरही झटकन रक्तात उतरते.’’ मग तिने आजीला प्रमाण विचारले. चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद! म्हणजे मी सकाळी सकाळी भातच खात होतो. 100 ग्रॅम उडीद डाळीत 24 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, तांदळात त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. तांदळात लायसिन हा प्रथिनांचा गरजेचा घटक कमी, ते उडीद भरून काढतो. पण त्याला हात आखडला तर तो भरून काढणार किती?

आंबवण्याचे गुण मात्र खरे. रात्रभरात पीठ फुगते, लोह अडवून धरणारे फायटेट कमी होते आणि धान्यातले लोह अंगी लागते. सोडा घालून अर्ध्या तासात फुगवलेल्या पिठाला ही रात्र मिळतच नाही, वर सोड्याने ब-1 जीवनसत्त्वही जाते. कॅन्टीनमधल्या त्या टम्म इडल्यांपैकी किती सोड्याच्या होत्या, देव जाणे.

आता घरी दोन वाट्या उकडा तांदूळ, एक वाटी उडीद आणि चमचाभर मेथी भिजते. थंडीत पातेले गोधडीत गुंडाळतो. इडल्या तीनच, सोबत शेवग्याच्या शेंगा घातलेले वाटीभर घट्ट सांबार. आकडा 160च्या आगेमागे असतो. गोळी चालू आहेच. इडलीने मधुमेह बरा होतो असे माझे म्हणणे नाही.

लेखासोबतच्या पाककृतीत डाळ-तांदळाचे प्रमाणच नव्हते. तेवढे छापावे, आणि ‘बिनधास्त’च्या जागी किती ते लिहावे.

– एक निवृत्त एसटी वाहक, सांगोला