दगड बघायला इतक्या लांब?

पुणे
रविवार, 12 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बुधवारी फोनवर माझ्या नववीच्या वर्गाला आइसलँडला नेण्याचा विषय निघाला तेव्हा तुम्ही दोघं एकेकच वाक्य बोललात. बाबा म्हणाले, "दगड बघायला इतक्या लांब? आपल्याकडे काय दगडांची वाण आहे?" आणि आई म्हणाली, "लोकांची पोरं गं. तू परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही." मी काहीतरी सटरफटर बोलून फोन ठेवला. खरं तर हे दोन्ही प्रश्न मी गेले तीन महिने स्वतःलाच विचारते आहे. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि घाईत मला नीट सांगता येत नाही, म्हणून आज सहामाहीचे पेपर बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

बाबा, तुमचं खरं आहे. दगड तोच आहे. आपल्या घराच्या जोत्याचा, इथल्या पाताळेश्वराच्या लेण्याचा आणि आइसलँडचा दगड एकाच जातीचा, काळा बेसॉल्ट. तोच आहे म्हणूनच मला मुलांना तिथे न्यायचं आहे. आपल्याकडचा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिला. एक थर वाहून गोठला, मग कधी कधी इतका काळ मध्ये गेला की त्यावर माती धरली, आणि त्या मातीवर पुढचा थर आला. घाटात कापलेल्या कड्यांवर काळ्या दगडामध्ये तांबडा पट्टा दिसतो, तो या थांबलेल्या काळाचा. लहानपणी एसटीच्या खिडकीतून तुम्हीच तो मला दाखवलात. "डोंगराचे मजले मोज," म्हणायचात. कोयनेजवळ गोठण्याला भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत नुसता हाच दगड लागला, आणि त्याखाली ग्रॅनाइट.

माझी नववीची मुलं उत्तरपत्रिकेत "बेसॉल्ट हा अग्निजन्य खडक आहे" असं लिहितात आणि गुण मिळवतात. पण वेताळ टेकडीच्या खाणीत त्यांना उभं करून विचारलं, की हा सगळा कडा एकदा पातळ होता, वाहत होता, हे खरं वाटतं का? एका मुलीने प्रामाणिकपणे "नाही" सांगितलं. त्या "नाही"पासून माझ्या डोक्यात हे सुरू झालं. आपला दगड म्हणजे पुरी झालेली गोष्ट. आइसलँडमध्ये ती अजून चालू आहे. तिथे थिंगवेल्लीर नावाची जागा आहे. इसवी सन 930 पासून तिथे लोकांची सभा भरायची, म्हणजे जगातल्या जुन्या संसदांपैकी एक. ही सभा जिथे भरायची, तिथेच उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड तुकडे, एकमेकांपासून दूर सरकत आहेत, वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर. पहिलीपासून नववीपर्यंत ही मुलं वाढली, तेवढ्यात ती जमीन जेमतेम वीतभर सरकली. त्या भेगांच्या मधून चालत गेलेलं मूल पुन्हा "नाही" म्हणणार नाही, असं मला वाटतं.

सहल पुढच्या मे महिन्यात आहे, विमानप्रवास धरून नऊ दिवस. मुंबईहून थेट विमान नाही, युरोपात कुठेतरी बदलावं लागतं. सहल कंपनीने पहिला कार्यक्रम पाठवला तो बघून मी रात्रभर अस्वस्थ होते. पाच दिवसांत सतरा ठिकाणं! प्रत्येक ठिकाणी उतरा, फोटो काढा, भोज्जाला शिवल्यासारखं परत गाडीत बसा. हिमनगांचं प्रसिद्ध सरोवर राजधानीपासून पावणेचारशे किलोमीटर आहे, तेही एका दिवसात जाऊन-येऊन कोंबलं होतं. मी ते काढलं. मुलांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण मोजायला, लिहायला, नुसतं गप्प बसायला वेळ नसेल तर ती सहल होते, क्षेत्रभेट होत नाही. आता सहाच ठिकाणं ठेवली आहेत. स्ट्रोक्कुर नावाचा गरम पाण्याचा फवारा दर पाच-दहा मिनिटांनी उडतो. तिथे मुलं घड्याळ लावून दोन तास बसणार आहेत आणि प्रत्येक उडीमधलं अंतर लिहिणार आहेत. (आई, तुरळचं गरम पाण्याचं कुंड आठवतं? तू पाय घालून लगेच काढले होतेस. आपल्याकडे ते पाणी नुसतं येतं. तिथे लोक जमिनीतल्या उष्णतेवर घरं गरम ठेवतात, दहातली नऊ.) स्कोगाफॉस धबधब्याखालच्या नदीची रुंदी, खोली आणि वेग मोजायचा. त्याचा सराव गेल्या महिन्यात वरसगावच्या वर मोसे नदीत करून घेतला. इथल्या मुठा नदीत मुलांना उतरवण्यासारखं पाणी राहिलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

बाबा, तुम्हाला ज्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचंय ते पुढेच आहे. सोल्हेमायोकुल नावाची एक हिमनदी आहे, मोठ्या बर्फाच्या टोपीतून खाली उतरलेली जीभ. जवळच्या ह्वोल्सव्होल्लुर गावातल्या शाळेची मुलं 2010 पासून दर वर्षी तिथे जाऊन बर्फाचं टोक कुठे आहे ते मोजतात. आमच्या मुलांपेक्षा थोडी लहानच मुलं. एका वर्गाने मोजायचं, पुढच्या वर्षी पुढच्या वर्गाने. बर्फ मागे मागे जातंय, आणि जिथे पूर्वी बर्फ होतं तिथे आता तळं आहे. हे वाचलं तेव्हा मला तुम्ही खांद्यावर स्टाफ, ती जमिनीची पातळी मोजायची आकडे घातलेली उंच पट्टी, घेऊन कालव्याच्या कडेने चाललेले दिसलात. पाटबंधारे खात्यातल्या तुमच्या त्या सगळ्या वर्षांत एकदाच, मी चौथीत असताना, तुम्ही मला स्टाफ धरायला नेलं होतं. "हलू नकोस. तू हललीस तर पाणी चुकीच्या शेतात जाईल," म्हणालात. मोजमाप ही जबाबदारी असते, हे मी त्या दिवशी शिकले. वर्गात पंचवीस वर्षं तेच शिकवते आहे.

आता आईचं.

आई, तुझी भीती खोटी नाही. मी तिच्याकडे डोळेझाक केलेली नाही. रेनिसफ्यारा नावाचा काळ्या वाळूचा किनारा आहे. तिथे षटकोनी खांबांचा कडा आहे, आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीसारखा. भूगोलाच्या शिक्षकाला तो सोडवत नाही. पण तिथे समुद्र फसवा आहे. दहा-पंधरा लाटा शांत येतात आणि मग एक अचानक फार वरपर्यंत येते, परत जाताना माणसाला ओढून नेते. माणसं गेली आहेत तिथे. आता किनाऱ्यावर जायच्या आधी इशाऱ्याचे दिवे लावले आहेत. मी ठरवलंय, हिरव्याशिवाय दुसरा कुठलाही दिवा असला तर एकही मूल वाळूवर उतरणार नाही. पालकांकडून तसं लिहून घेतलंय आणि मुलांकडूनही. श्रावणात तू मला कोयनेच्या काठावर फिरकू द्यायची नाहीस, तेव्हा मी रागावून जेवायची नाही. आता दोन्ही हातांनी तुझ्या पाया पडावंसं वाटतं.

ज्वालामुखीबद्दल पालकसभेत पहिला प्रश्न आला, तोच तुझाही असणार. 2010 च्या एप्रिलमध्ये तिथल्या उद्रेकामुळे युरोपातली विमानं जवळजवळ आठवडाभर अडकली, हे सगळ्यांना आठवत होतं. तो उद्रेक बर्फाखाली झाला होता. तापलेला रस बर्फाच्या पाण्याला भिडला, त्याचा चुरा झाला, आणि ती बारीक राख आभाळात गेली. 2021 पासून नैऋत्येच्या टोकाला जे उद्रेक होतायत, ते जमिनीच्या भेगांमधून होतात. लाव्हा वाहतो, राख फारशी उडत नाही, म्हणून विमानं बहुधा चालू राहतात. पण त्याच भागात ग्रिंडाविक नावाचं कोळ्यांचं गाव आहे, तेव्हा पावणेचार हजार वस्तीचं. नोव्हेंबर 2023 मध्ये भूकंपांमागून भूकंप झाले, रस्ते फाटले आणि एका रात्रीत सगळं गाव रिकामं केलं. कोणी दगावलं नाही त्या रात्री, कारण वेळेवर उठवलं. त्या गावाशेजारचं निळ्या पाण्याचं प्रसिद्ध तळं मी कार्यक्रमातून काढून टाकलं आहे, आणि परतीच्या वाटेवर दोन दिवस जास्तीचे राहता येईल एवढी शिल्लक बाजूला ठेवली आहे.

बाकी कागदपत्रांचं काम चालू आहे, त्याने तुम्हाला शिणवत नाही. एकच सांगते. व्हिसासाठी प्रत्येक मुलाच्या आई आणि वडील दोघांचीही संमती लागते. एका मुलीचे वडील वेगळे राहतात, सही देत नव्हते. तिच्या आईने नोकरी सांभाळून कोर्टाचा कागद आणला. दोन महिने खेपा घातल्या. मला तो कागद देताना त्या म्हणाल्या, "मॅडम, मी लहानपणी महाबळेश्वरसुद्धा पाहिलं नव्हतं." त्या दिवसापासून माझ्या मनातली थोडीफार चलबिचलही गेली.

पण एक गोष्ट मला अजून टोचते. माणशी खर्च तीन लाखांच्या आसपास जातोय. वर्गात बेचाळीस मुलं, नावं दिली बावीसांनी. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मला गाडी लागते, म्हणून नको." मोसे नदीवर जाताना तो बसच्या शेवटच्या बाकावर उड्या मारत होता. मी त्याला काहीच बोलू शकले नाही. घरी येऊन रडले. सहल रद्द करावी असंही एकदा वाटलं. मग ठरवलं की प्रश्न एकच घ्यायचा आणि तो सगळ्या वर्गाने मिळून सोडवायचा. जमीन घडते कशी, आणि माणसं तिच्यावर राहतात कशी? बावीस जण तिकडची बाजू आणतील, आणि बेचाळीसच्या बेचाळीस जण त्याआधी इकडची. वही एकच, नावं सगळ्यांची. याने बरोबरी होत नाही, हे मला कळतं. पण ज्याला आपला दगड वाचता येत नाही, त्याला तिथेही नुसतं चित्र दिसेल, याचीही मला खात्री आहे.

म्हणून डिसेंबरमध्ये सगळा वर्ग कोयनेला आणणार आहे, दोन दिवस. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली. घाटातला तांबडा पट्टा, शिवसागर, धरण. आणि बाबा, एक सकाळ मला तुमची हवी आहे.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या कोयनेच्या भूकंपाबद्दल तुम्ही मला आयुष्यात एकच वाक्य सांगितलंत. "आधी भांडी पडली, मग भिंत." त्यापुढे तुम्ही कधी गेला नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. मला आकडे माहीत आहेत. किती वाजले होते, किती माणसं गेली, जलाशयाच्या पाण्याच्या दाबाचा त्याच्याशी काय संबंध, हे मी फळ्यावर काढून दाखवते. पण तुम्ही अठरा वर्षांचे होतात. त्या थंडीत अंगणात किती रात्री काढल्या? गुरं कुठे बांधली? पुन्हा आढ्याखाली झोपायला कोण आधी गेलं? ग्रिंडाविकच्या लोकांबद्दल वाचणारी मुलं हे ऐकून गेली, तर त्या माणसांकडे वेगळ्या डोळ्यांनी बघतील. आणि ते जे वीस जण जाणार नाहीत, त्यांच्याकडे आइसलँडला गेलेल्यांना सांगण्यासारखं काहीतरी असेल.

तुम्हाला त्रास होणार असेल तर सरळ नाही म्हणा. मी आग्रह करणार नाही. बोलायचं झालं तर भाषण नको, आपल्या ओट्यावर बसून जितकं वाटेल तितकंच बोला. मुलं खाली अंगणात बसतील. त्यांना आधी सांगून ठेवीन की मोठ्याने विचारा आणि मध्ये बोलू नका.

आई, बेचाळीस जणांचा चहा तू करायचा नाहीस. दादाशी बोलले आहे, तो बाहेरून सांगेल. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत, मी रजा टाकली आहे, त्यात बदल नाही. मे महिन्यात रोज रात्री साडेआठला तुमच्याकडे फोन येईल. तिथे तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. मुलांसाठी तू लाडू देणार म्हणालीस, पण दुधातुपाचं तिकडे नेता येत नाही. तेलातल्या शंकरपाळ्या आणि शेंगदाण्याची चटणी दे. चटणी जरा कमी तिखट कर.

मी शनिवारी दुपारच्या गाडीने दिवाळीला येते. बाबा, तोपर्यंत विचार करून ठेवा. आणि माळ्यावर तो तुमचा जुना स्टाफ अजून असेल तर काढून ठेवा, मुलांना धरायला द्यायचा आहे.

तुमची,
वैशाली