व्हीआयच्या आज्ञा आधी शेलच्या ओळीवर शिकवाव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भंवरकुआँ भागातील शिकवण्या असोत की सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्या, इंदुरात लिनक्स सर्व्हरवर काम शिकणाऱ्या तरुणांमध्ये मराठी घरांतली मुलेमुलीही आहेत. सर्व्हर सांभाळणे हा माझा व्यवसाय असल्याने नव्याने रुजू झालेल्यांना टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीची, ओळख करून देण्याचे काम माझ्याकडे येते. व्हीआय या मजकूर-संपादक प्रोग्रामविषयी त्यांना विचारले, तर एस्केप दाबून कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह टंकले की बाहेर पडता येते, एवढेच बहुतेकांना शिकवलेले असते. या आज्ञांची सुरुवात संपादकापासून न करता बॅश शेलच्या, म्हणजे टंकलेल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, ओळीवर करावी, अशी माझी अभ्यासक्रम आखणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे.

बॅशमध्ये ओळ दुरुस्त करण्याची मूळ पद्धत ईमॅक्स या दुसऱ्या मजकूर-संपादकाची असते. मात्र 'सेट', त्यापुढे वजा चिन्हासह 'ओ' आणि मग 'व्हीआय' एवढे टंकले की तीच ओळ व्हीआयच्या नियमांनी चालू लागते. टर्मिनल एम्युलेटर फक्त दाबलेल्या कळांचे बाइट पुढे पोहोचवतो, त्यांचा अर्थ शेल लावते. त्यामुळे टर्मिनल कोणताही असला तरी सवय बदलावी लागत नाही. समजा, फोटोंची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर नेणारी लांबलचक आज्ञा टंकून झाली आणि मार्गात 2024 ऐवजी 2023 पडल्याचे लक्षात आले. बाणाची कळ दाबत मागे जाण्याऐवजी एस्केप दाबावे (त्यानंतर कळा अक्षरे न टंकता आज्ञा म्हणून चालतात), शून्य दाबून ओळीच्या आरंभी यावे, एफ आणि 3 दाबून ओळीतल्या पहिल्या 3 वर उडी घ्यावी आणि आर व 4 दाबून तो अंक बदलावा. तिथूनच एंटर दाबले तरी आज्ञा चालते. एखादा पूर्ण शब्द बदलायचा असेल तर सी आणि डब्ल्यू, चूक झाली तर यू, आधीची आज्ञा हवी असेल तर के. ओळ फारच बिघडली तर कंट्रोल आणि सी दाबून ती टाकून देता येते आणि कोणत्याही फाइलला धक्का लागत नाही. नवशिक्याला निर्धास्तपणे हात बसवण्यासाठी इतकी चांगली जागा दुसरी नाही. ओळ फार मोठी झाली तर एस्केपनंतर व्ही दाबून ती पूर्ण संपादकात उघडता येते, पण तिथे जतन करून बाहेर पडताच ती आज्ञा चालवली जाते, हे शिक्षकांनी आवर्जून सांगायला हवे.

ही जुनी हौस आहे असे कोणी म्हणेल. संगणकतज्ज्ञ बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात व्हीआय लिहिला, आणि त्यांच्या एडीएम-3ए टर्मिनलवर एच, जे, के, एल याच कळांवर बाण छापलेले होते, म्हणून व्हीआयमध्ये कर्सर त्याच कळांनी हलतो, हे खरेच आहे. पण शेलच्या ओळ-संपादनासाठी युनिक्ससारख्या प्रणालींच्या पॉझिक्स मानकाने आजही व्हीआयचीच पद्धत नोंदवली आहे, ईमॅक्सची नाही.

दोन अडचणी मात्र शिकवणाऱ्याने आधीच सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांच्यामुळेच मुले पहिल्या आठवड्यात ही पद्धत सोडून देतात. पहिली म्हणजे एस्केप दाबल्यावर जाणवणारा थांबा. बाणाच्या कळाही एस्केपच्याच बाइटने सुरू होणारी मालिका पाठवतात, म्हणून पुढे आणखी काही येते का याची बॅश वाट पाहते. ही मर्यादा मुळात 500 मिलिसेकंदांची असून ओळ-संपादनाच्या पसंती नोंदवणाऱ्या इनपुटआरसी फाइलमध्ये ती कमी करता येते. आपण कोणत्या मोडमध्ये आहोत, टंकण्याच्या की आज्ञांच्या, ते ओळीच्या आरंभी दाखवण्याची सोयही त्याच फाइलमध्ये आहे, आणि ती नवशिक्यासाठी पहिल्या दिवसापासून सुरू करून द्यावी.

दुसरी अडचण आपली स्वतःची आहे, आणि इंग्रजी पुस्तकांत तिचा उल्लेखही सहसा सापडत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी किंवा हिंदी टंकताना एस्केप दाबले, तरी कळफलक देवनागरीच राहतो. मग जे दाबल्यावर र जातो, के दाबल्यावर क आणि एच दाबल्यावर प; डीच्या जागी तर नुसते हलन्त चिन्ह जाते. शेलला यातले काहीच आज्ञा म्हणून कळत नाही आणि मुलाला वाटते की आपलेच काही चुकले. व्हिम या व्हीआयच्या सुधारित संपादकात कीमॅप, म्हणजे कळांना अक्षरे नेमून देणारी, सोय वापरली तर देवनागरी मजकूर लिहितानाच लागू होते आणि आज्ञांच्या वेळी कळा रोमन राहतात. शेलच्या ओळीवर तशी सोय नसल्याने कळफलक हाताने बदलावा लागतो. मराठी फाइलनावे आणि मराठी मजकूर हाताळणाऱ्या मुलांना हा फरक वर्गातच, प्रत्यक्ष कळफलकावर करून दाखवला जावा.

आपल्या दैनिकात विद्यार्थ्यांसाठी मजकूर येतो, त्यात या विषयाला जागा मिळाली तर इथल्या शिक्षकांपर्यंत तो पोहोचेल. नमुन्याची इनपुटआरसी फाइल आणि सरावाच्या आज्ञा मराठीत लिहून देण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक सर्व्हर-व्यवस्थापक, इंदूर