पोरं खासगीत पहिलीला जात नाहीत, तिसऱ्या वर्षीच जातात

कोल्हापूर

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद तुझ्याकडं आलं, बरं झालं. गावातनं इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी फिरत असताना झेडपीची शाळा टिकणार कशी, असं विचारलंयस. सगळे इंग्रजीवर खापर फोडतात. मला ते अर्धंच पटतं.

खासगी शाळा पोर नर्सरीतच धरते. आपली शाळा पहिलीपासून. आधीची अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, तिच्या पर्यवेक्षिका वेगळ्या, नोंदी वेगळ्या. शिक्षण हक्क कायदाही सहा वर्षांपासून लागू. तीन वर्षं फी भरलेला बाप मोठ्या गटानंतर पोराला झेडपीत घालत नाही, भावकीत ते उतरल्यासारखं दिसतं. म्हणून अंगणवाडी शाळेच्या आवारात आणता येईल का, ते आधी बघ. रिकामी खोली, पोरांच्या उंचीचा नळ आणि स्वच्छतागृह एवढं दाखवता आलं पाहिजे. ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना भेट.

आता पट, म्हणजे शाळेतल्या पोरांची संख्या. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 झाली की तिसरा. दोन शिक्षकांत पाच वर्ग. त्यातला एक प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की उरलेल्यानं शिकवायचं काय नि सांभाळायचं काय? (कायदा अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतो, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळून, आणि निवडणुका काय, कुठली ना कुठली चालूच असते.) पालक हे बघतात, चार पोरं काढतात, पट आणखी खाली येतो, मग शिक्षकही जातो. खासगी शाळेशी स्पर्धा म्हणतात ती बहुतेक ठिकाणी अशीच हरली जाते, शिकवण्याच्या तुलनेपर्यंत गोष्ट पोचतच नाही. संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करण्याचे, निकष शासन मधूनमधून बदलतं, तेव्हा चालू वर्षाचा निर्णय केंद्रप्रमुखांकडून मागून घे.

वर्गात बसलेलं पोर कागदावर नसतं, हाही घोळ आहे. आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि हजेरीपटावरची नोंद जुळली नाही की संचमान्यतेत ते पोर गळतं. 30 सप्टेंबरच्या आत एकेक नाव तपासा. खासगीतून परत आलेल्याचं यू-डायसवरचं (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतलं) नाव जुन्या शाळेनं सोडलंय का, तेही बघा. फी थकली म्हणून दाखला अडवतात. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 नुसार दाखला ताबडतोब द्यावा लागतो, आणि तो आला नाही म्हणून तुम्हाला प्रवेश थांबवता येत नाही. हे पालकाला कुणी सांगतच नाही.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला खर्चासाठी मिळणारं संयुक्त अनुदान पटावरच ठरतं: 30 मुलांपर्यंत वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000. त्यातले दहा टक्के स्वच्छतेला. एवढ्यात खडू, वीजबिल नि किरकोळ दुरुस्ती. डिजिटल वर्ग वगैरे लोकवर्गणीतून. आणि बंद पडलेल्या प्रोजेक्टरपेक्षा चालू पाणी बरं.

खासगी शाळांत गरिबांच्या पोरांसाठी राखीव असलेल्या 25 टक्क्यांच्या प्रवेशाचंही सांगतो. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनानं नियम काढला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर विनाअनुदानित शाळेला हे प्रवेश द्यायला नकोत. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. ठीकच झालं. गरिबाची वाट अडवून आपला पट वाढवायचा, हे ज्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तिथं तरी शोभत नाही.

आणि सरकारी शाळेला गिऱ्हाईक नाही म्हणणाऱ्याला गुढीपाडव्याला इथं कोल्हापुरातल्या जरगनगरात पाठव. महापालिकेच्या जरग विद्यामंदिरात प्रवेशासाठी पालक रांगा लावतात. खासगी शाळा त्या भागात काय नाहीत? पण ही शाळा मराठीच आहे, आणि शिष्यवृत्तीच्या निकालावर तिचं नाव झालंय. तुमच्याकडं शिष्यवृत्तीचे जादा तास कोण घेतं, आणि सुट्टीत चालतात का?

समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात. तुमची यादी एकदा पडताळ. पुढच्या बैठकीआधी यू-डायसचा भरलेला अर्ज आणि गेल्या दोन वर्षांचा वर्गवार पट पाठवून दे, शाळा विकास आराखडा मिळून लिहू.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा