विराटवरची घसरगुंडी

हेल्स्टन, कॉर्नवॉल

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, घरावरून हेलिकॉप्टरं कसली जातात, असं फोनवर विचारलंत. जवळच कल्ड्रोज हा ब्रिटिश नौदलाचा विमानतळ आहे. पुढचं फोनवर मावेना, म्हणून पत्र.

इथे ८४९ नावाची स्क्वाड्रन होती. उंचावरून रडारने लांबचं पाहायचं, हे तिचं काम. पृथ्वी गोल, त्यामुळे लाटांना घासून येणारं विमान जहाजाच्या रडारला फार उशिरा दिसतं. आधी स्कायरेडर, १९६० पासून गॅनेट विमानं ही राखण करायची. १९७८ मध्ये आर्क रॉयल ही विमानवाहू बोट निवृत्त झाली आणि गॅनेट संपली. त्यांना उडायला कॅटापल्ट, म्हणजे डेकवरून विमान झटक्यात पुढे फेकणारं यंत्र, लागायचा. हर्मीस या दुसऱ्या विमानवाहू बोटीवरचा तर आधीच काढला होता.

हो, हर्मीस म्हणजे पुढे भारताने घेतलेली तुमचीच विराट! नेव्ही डेला तुम्ही मला नेलंत, तेव्हा डेकचं ते वर वळलेलं टोक मला घसरगुंडी वाटलं होतं.

गॅनेट संपल्यावर चारच वर्षांनी ती ब्रिटिश ताफ्याची प्रमुख होऊन अर्जेंटिनाविरुद्धच्या फॉकलंडच्या युद्धात गेली, घरापासून सुमारे १३,००० किलोमीटरवर, आणि वरून पाहणारं कुणीच नाही. मग जहाजंच पुढे पहाऱ्याला उभी केली. ४ मे १९८२ ला त्यातल्या शेफील्डवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं. २० जण गेले.

त्यानंतरचा जुगाड तुम्हाला आवडेल. निमरॉड विमानाचं रडार घेतलं आणि सी किंग हेलिकॉप्टरच्या कुशीला फुगवलेल्या पिशवीत लटकवलं. अकरा आठवड्यांत! उतरताना पिशवी वर वळवून घ्यायची. त्यावरून त्या लोकांचं नावच पडलं 'बॅगर'. पण तोवर युद्ध आटोपलं होतं. १९८४ ला ८४९ पुन्हा उभी राहिली, ती २०२० पर्यंत. मधे २००३ मध्ये तिची दोन हेलिकॉप्टरं आखातावर एकमेकांवर आदळून सात जण गेले. आता हे काम मर्लिन हेलिकॉप्टरं करतात, तीच आमच्या कौलांवरून जातात.

विराट तोडायला अलंगला नेली त्या रात्री तुम्ही जेवला नव्हतात. मी वैतागले होते, एका बोटीसाठी एवढं काय म्हणून. बाबा, विराटच्या रिफिटच्या, म्हणजे मोठ्या दुरुस्तीच्या वेळी डेकवर जुन्या कॅटापल्टच्या काही खुणा दिसायच्या का? आठवेल तसं लिहा, फोनवर नको.

आई, गोडा मसाला संपलाय. तू पाठवशील तेव्हा बाबांचं पत्र त्याच डब्यात घाल.

तुमची,
चिमी