भातगिरणीची मालकी महिलांकडे हवी

महोदय,

भात भिजवणे, उकडणे, वाळवणे आणि पाखडणे ही कामे पिढ्यानपिढ्या ग्रामीण स्त्रियांनी केली. परंतु विकासयोजनेतून गिरणी आली की तिचे कर्ज, अनुदान आणि हिशेबाची वही बहुधा पुरुषांच्या हाती जाते, कारण तारणासाठी लागणारी जमीन बाईच्या नावावर क्वचितच असते. नुसत्या प्रशिक्षण शिबिरांनी हे बदलणार नाही. भातातील ओलावा सुमारे १४ टक्क्यांवर आणून मगच भरडाई केली, तर कणी कमी पडते आणि अख्ख्या तांदळाला चांगला भाव मिळतो. दाणा दाताखाली धरून हा ओलावा ओळखणाऱ्या बाईला ओलावामापक यंत्र, बचतगटाच्या नावावर विनातारण कर्ज आणि विक्रीचा अधिकार ही तिन्ही मिळालीच पाहिजेत. कोंड्याचे व तुसाचे उत्पन्नही तिच्याच गटाच्या खात्यात जमा व्हावे.

— एक वाचक