यंदाच्या गणेशचवथीला घुमट आरतीचे ध्वनिमुद्रण

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचा प्रश्न मी मनावर घेतला आहे. पेटी शिकायला गुरुजी लागतात, ख्यालाला वर्षानुवर्षांची तालीम लागते, हे तुम्ही जाणता. पण लग्नाच्या मंडपात आणि बसमध्ये वाजणारे, कोणी न शिकवताच लोकांच्या ओठी बसणारे जे संगीत, त्यासाठी विद्यापीठात जाऊन पदवी घेण्यासारखे काय आहे, असे तुम्ही विचारलेत. फोनवर हे सांगून पुरे होणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. शिवाय तुम्हा दोघांकडे माझी एक मागणीही आहे.

हा अभ्यास इंग्लंडात आता नवा राहिलेला नाही. लिव्हरपूल विद्यापीठाने १९८८ मध्येच लोकप्रिय संगीताच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था काढली. लोकप्रिय संगीताच्या माझ्या इथल्या पदवी अभ्यासक्रमाच्या नावात सादरीकरण आणि निर्मिती हे दोन्ही शब्द आहेत. आम्ही बँडमध्ये एकत्र वाजवतो, स्टुडिओत ध्वनिमुद्रण आणि मिश्रण करतो, निबंध लिहितो, करारनामेही वाचतो. सादरीकरणाची सवय मला देवळातल्या भजनाने आधीच लावलेली होती. निर्मितीचे शास्त्र मात्र मला पूर्णपणे नवे होते आणि माझे मन त्यातच अधिक रमले आहे.

केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांना तुम्ही किती मानता, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या काळी ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत, त्यामुळे मैफलीत विस्ताराने गायचा राग तेवढ्यात बसवताना काय ठेवायचे आणि काय सोडायचे, याचा निर्णय गायकाला करावा लागे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली त्यांची भैरवी अशीच साडेतीन मिनिटांची आहे. यंत्र संगीत नुसते टिपून घेत नाही, ते संगीताला आकारही देते. हे एकदा ध्यानात आल्यावर यंत्राच्या बाजूला बसणाऱ्या माणसालाही गाण्याची जाण असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

आता घुमटाकडे, आपल्या गोव्याच्या त्या मातीच्या चर्मवाद्याकडे येते, कारण माझी मागणी त्याच्याविषयीच आहे. मडक्याच्या मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले असते आणि धाकटे तोंड उघडे असते. वादक उजव्या हाताने कातड्यावर बोल काढतो आणि डाव्या तळव्याने धाकटे तोंड झाकत-उघडत घुमारा राखतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. एकच मायक्रोफोन कातड्यासमोर ठेवला, तर बोटांचा आघात स्वच्छ मिळतो, पण घुमारा हरवतो; तोच मागच्या तोंडाशी नेला, तर घुमारा येतो आणि बोल पुसट होतात. दोन्हीकडे ठेवावेत, तर वेगळीच अडचण उभी राहते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मायक्रोफोन दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटीमीटर दूर असला, की त्याच्याकडे आवाज एक सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. एवढ्याशा उशिरानेही ५०० हर्ट्झच्या आसपासच्या लहरी परस्परांच्या नेमक्या उलट येतात, आणि दोन्ही ध्वनी एकत्र केले की तिथला आवाज क्षीण होतो. त्यात भर म्हणजे कातडे आत दबते त्या क्षणी मडक्यातली हवा मागच्या तोंडातून बाहेर ढकलली जाते, म्हणून दोनपैकी एका मायक्रोफोनच्या वाहिनीची ध्रुवता उलटी करून, म्हणजे तिची लहर उलटवून, पाहावी लागते. ड्रम संचातल्या स्नेअर या दोन्ही बाजूंनी मढवलेल्या ड्रमला वरून आणि खालून मायक्रोफोन लावताना आम्ही हेच करतो. माझ्या पाठ्यपुस्तकांत घुमटाचे नाव नाही, पण स्नेअरवर शिकलेली रीत घुमटाला लावून पाहता येईल, आणि ती कुठे कमी पडते हे शोधणे हाच माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प व्हावा, अशी माझी इच्छा आहे. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून घोषित केले. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत; आज घोरपडीला कायद्याचे संरक्षण आहे आणि घुमटावर बकरीचे कातडे चढते. त्याचा नाद कसा आहे, याची चांगली नोंद आताच व्हायला हवी.

तुमच्या आवाजाविषयीही सांगते. सूर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर १९९७ पासून बाजारात आहे, आणि आज ते जवळजवळ प्रत्येक स्टुडिओत आढळते. ते बहुधा सप्तकाच्या बारा समान भागांवर सूर ओढून बसवते. पेटीही तशाच समान भागांत लावलेली असते, म्हणून तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे त्या बारा भागांतल्या एका भागाचा शंभरावा हिस्सा) चढा असतो. तुम्ही पेटीच्या साथीने गातानाही गंधार किंचित खाली ठेवता, हे मी इथे आल्यावर जुन्या कॅसेटी ऐकताना ओळखले. तो सूर मी यंत्राला हलवू देणार नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या मनाला फार लागते. चर्चच्या शाळांत सोल्फेजिओ, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून गाणे, आणि व्हायोलिन शिकलेले आपले गोमंतकीय वादक मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांनी तिथे वाद्यवृंदाच्या रचना लिहिल्या, पण पडद्यावर आणि तबकडीवर अशा माणसांची नावे क्वचितच आली. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, आणि ध्वनिमुद्रणाचा व्यावसायिक वापर झाल्यास सादर करणाऱ्या कलाकारालाही वाटा देण्याची तरतूद झाली. म्हणून आपल्या वाड्यावरच्या प्रत्येक वादकाचे नाव मी लिहून घेणार आहे, आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय ध्वनिमुद्रण कुठेही वापरणार नाही.

बाबा, चवथीच्या आरत्यांचे ध्वनिमुद्रण करायला तुमच्या मंडळींनी होकार द्यावा, ही माझी मागणी. घुमट, शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळे म्हणजे झांजा यांना वेगवेगळे बसवून वाजवायला मी सांगणार नाही. सर्वांनी नेहमीप्रमाणे एकत्र वाजवावे, कारण एकमेकांकडे पाहून वाढणारी लय तुकड्यातुकड्यांनी मिळत नाही. मात्र मुख्य आरतीच्या आदल्या रात्री एक तालीम ठेवावी, पंखे बंद असावेत, आणि कोणत्या घुमटावर कोणते कातडे आहे हे मला आधी कळवावे.

आई, तुझ्याकडेही मागणे आहे. वाड्यावरच्या बायकांना फुगडीसाठी विचारशील का? तिथे वाद्य नसते. टाळी आणि पाय हाच ताल, म्हणून एक मायक्रोफोन जमिनीलगत ठेवावा लागेल. त्या दिवशी ओसरीवर सतरंजी घालू नकोस, आणि कोण कोण येणार त्यांची नावे उत्तरात लिहून पाठव.

कळावे.

तुमची मुलगी