पिकअप घेताय? आधी आरसीवरचे दोन आकडे वाचा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पानांवर हल्ली पिकअप ट्रकचे कौतुक वरचेवर वाचायला मिळते. कड्याच्या टोकाला उभी असलेली चार दारांची धिप्पाड गाडी, टपावर तंबू, हौद्यात दोन सायकली. लेखात अश्वशक्ती असते, टॉर्क असतो, टचस्क्रीन किती इंचांचा तेही असते. गाडी किती किलो वजन नेते, एवढेच नसते. पाण्याची टाकी विकताना लिटर न सांगण्यातला हा प्रकार आहे. यापुढे आपल्या पानांवर तरी प्रत्येक पिकअपच्या परीक्षणात रिकामे वजन, कमाल भरलेले वजन आणि मागच्या ॲक्सलची (चाकांच्या आसाची) मर्यादा हे तीन आकडे छापावेत, अशी विनंती आहे. ती का, ते जरा सविस्तर मांडतो.

अमेरिकेत ज्याला ‘फुल-साइज’ म्हणतात त्या वर्गातली फोर्ड एफ-१५० चार दारांच्या रूपात जवळपास ५.९ मीटर लांब आणि आरसे सोडून दोन मीटरहून रुंद असते. ती कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगचीच निघते आणि आपल्याकडे नवी गाडी आयात करायची तर स्टिअरिंग उजवीकडे लागते. तेव्हा तो विषय इथेच संपला. आपल्याकडे ‘मोठी पिकअप’ म्हणजे टोयोटा हायलक्स (२.८ लिटर डिझेल, २०४ अश्वशक्ती) किंवा इसुझू व्ही-क्रॉस (१.९ लिटर, १६३ अश्वशक्ती). दोन्ही साधारण ५.३ मीटर लांब आणि १.८५ मीटर रुंद. दुसऱ्या बाजूला महिंद्राची बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धाची चार दारांची क्रू-कॅब. आणि निव्वळ मालासाठी एक-केबिनच्या बोलेरो पिकअप, ज्यांची क्षमता १.३ पासून २ टनांपर्यंत जाते.

गंमत अशी की, दिसायला साधी कॅम्पर एक टन नेते आणि तिच्या दुप्पट-तिप्पट किमतीच्या रुबाबदार गाड्या त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. त्यांचे इंजिन कमजोर नाही. त्या आरामासाठी बांधलेल्या आहेत, मागचे स्प्रिंगचे पाटे मऊ आहेत आणि त्यांची नोंदणी खासगी प्रवासी वाहन म्हणून होते. यात फसवणूक काही नाही. गिऱ्हाईकच विचारत नाही.

हिशेब सोपा आहे. आरसीवर ‘अनलेडन’ (रिकामे) आणि ‘लेडन’ (कमाल भरलेले) अशा वजनांचे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की जे उरते तेवढ्यातच माणसे, सामान, पाणी आणि मागाहून बसवलेली प्रत्येक वस्तू आली. फिरण्यासाठी सजवलेल्या गाडीचे उदाहरण घेऊ. हौद्यावरची पक्की कॅनोपी ७५ किलो, टपावरचा तंबू ६०, बाजूची छत्री १५, खाण्यापिण्याने भरलेला फ्रिज ३५, शंभर अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी ३०, चाळीस लिटर पाणी ४०, स्वयंपाकाची पेटी २५, विंचसह (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या यंत्रासह) लोखंडी बंपर ९०, जॅक-कॉम्प्रेसर-ओढपट्टे २५. बेरीज ३९५ किलो, आणि अजून एकही माणूस बसलेला नाही. सत्तर किलोची चार माणसे बसली की ६७५. विकत घेताना वस्तूंची नेमकी वजने थोडी इकडेतिकडे होतील, पण बेरीज याच घरात येते. लेड-ॲसिडऐवजी लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली तर पंधरा-सतरा किलो वाचतात. विंचला पोलादी दोराऐवजी सिंथेटिक दोर घेतला तर आणखी काही.

त्या यादीतला लोखंडी बंपर मात्र कायद्यानेच बाद आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना अशा क्रॅश गार्डवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करायला सांगितले. कारण तांत्रिक आहे: धडक बसली की गाडीचा पुढचा भाग चुरगळून जोर शोषून घ्यायला हवा आणि एअरबॅगच्या सेन्सरला वेळेवर कळायला हवे. मध्ये लोखंडी पाइप आला की दोन्ही बिघडते. शिवाय ते नव्वद किलो पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकतात.

वजन किती, याइतकेच ते कुठे आहे, हेही महत्त्वाचे. दोन ॲक्सलमधले अंतर ३.१ मीटर आणि शंभर किलोची वस्तू मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे, म्हणजे फाळक्याच्या कडेला ठेवली, तर मागच्या ॲक्सलवर १०० नव्हे, १३९ किलो येतात आणि पुढचा ॲक्सल ३९ किलोंनी हलका होतो. स्टिअरिंग हलके लागते, ओल्या रस्त्यावर पुढची चाके धरत नाहीत आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून पाण्याचे कॅन, बॅटरी, हत्यारांची पेटी हे सगळे केबिनला चिकटून आणि तळाला. गाद्या, तंबूचे कापड आणि हलके सामान मागे.

मोटारसायकल हौद्यात घालून न्यायची हौस असणाऱ्यांनी हे आधी मोजावे. चार दारांच्या पिकअपचा हौदा दीड मीटरच्या आसपास असतो. हिमालयन ४५० ही सव्वादोन मीटर लांब आणि १९६ किलोची. फाळका उघडाच राहतो, मागचे चाक त्यावर टेकते आणि फाळक्याच्या दोन तारांवर, खड्ड्यागणिक, त्यांच्यासाठी न ठरवलेला भार येतो. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात ते वेगळेच. मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या मालाला कलम १९४ (१ए) खाली वीस हजारांचा दंड आहे. दुचाकी वाहायचीच असेल, तर नऊ फुटी हौद्याची एक-केबिन गाडी घ्यावी किंवा भाड्याने आणावी.

मागचा भाग बसू लागला की गॅरेजवाला म्हणतो, ‘एक पाटा वाढवून देतो.’ किंवा पाट्यांच्या मदतीला एअर बॅग (ॲक्सल आणि चासीमधली हवेची पिशवी) सुचवतो. गाडी सरळ दिसू लागते आणि मालक निर्धास्त होतो. पण ब्रेक तेच, ॲक्सल तोच, बेअरिंग आणि चासीही तीच. आरसीवरचा आकडा पाट्याने वाढत नाही. एअर बॅगमध्ये आणखी एक मेख आहे. पाट्यांचा भार चासीवर पुढे आणि मागे अशा दोन जागी वाटला जातो. बॅगचा भार मधल्या एकाच जागी एकवटतो. मागे जड माल, त्यात ट्रेलर आणि खराब रस्ता असे जमले की चासी केबिनच्या मागे वाकते. लक्षण ओळखायला सोपे: केबिन आणि हौदा यांच्यामधली उभी फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसू लागते. जुनी पिकअप घेताना ही फट दोन्ही बाजूंनी पट्टीने मोजावी. नवीन रंग बघण्यापेक्षा ते जास्त कामाचे.

मुळशी-राजगड भागात शेत किंवा फार्महाउस असलेले पुणेकर ‘तेवढेच सामानही नेता येईल’ म्हणून पिकअपकडे वळतात. दहा पोती सिमेंट म्हणजे ५०० किलो. वाळूचे तर विचारूच नका. अर्धा ब्रास म्हणजे पन्नास घनफूट, कोरडी असली तरी सव्वादोन टनांच्या घरात. दीड मीटरचा हौदा काठोकाठ भरला, तर एक घनमीटरहून थोडी अधिक वाळू बसते. ती सतराशे किलो होते. हौदा रिकामा दिसतो म्हणून वजनाची मर्यादा संपलेली नाही असे समजू नये. ओव्हरलोडला वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, हवे का? फक्त डांबरावर माल वाहायचा असेल, तर नको. पण रिकाम्या फोर बाय टू पिकअपचे मागचे टोक हलके असते आणि ताकद तिथेच जाते. पावसाळ्यात शेताच्या चढावर किंवा काळ्या मातीत ती जागच्या जागी चाके फिरवत बसते. राजमाचीच्या वाटेसारखे दगड-चिखल असतील, तर लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) उपयोगाची, चढण्यापेक्षाही उतरताना. मात्र या गाड्यांची फोर बाय फोर ‘पार्ट-टाइम’ असते. कोरड्या डांबरावर ती चालू ठेवून वळण घेतले, तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापू बघतात आणि शाफ्टमध्ये पीळ भरतो. स्टिअरिंग जड होणे, गाडी अडखळणे ही त्याची खूण. तसेच रेटले तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस खर्चात पाडतो.

टायर बदलताना नक्षी बघून भुलू नये. कडेवर आकारानंतर ११० किंवा ११२ असा आकडा असतो: ११० म्हणजे एका टायरवर १०६० किलो, ११२ म्हणजे ११२०. मूळ टायरपेक्षा हा आकडा खाली जाता कामा नये. चिखलात २०-२२ पीएसआयपर्यंत हवा कमी केली, तर डांबरावर येताच ती परत भरायची. भरलेल्या गाडीत कमी हवेचा टायर घाट उतरता उतरता तापून फाटतो.

कागदपत्रांचे थोडक्यात. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीला पिवळी पाटी, पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल, तर परमिट लागत नाही. साधा एलएमव्ही (हलक्या वाहनाचा) परवाना ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीलाही चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. टोलमध्येही फरक पडतो: मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एप्रिल २०२३ च्या दरवाढीनंतर मोटारीला ३२० आणि टेम्पोला ४९५ रुपये होते, म्हणून फास्टॅगचा वर्ग आरसीशी जुळतो का ते पाहावे. सर्वांत गंभीर बाब हौद्यात माणसे बसवण्याची. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी थर्ड पार्टी विम्यावर येत नाही, ही सर्वोच्च न्यायालयाची डिसेंबर २००२ पासूनची भूमिका आहे. लग्नाला किंवा जत्रेला निघालेली वऱ्हाडे हे ध्यानात घेत नाहीत.

घरी उभी कुठे करणार, हा पुण्यातला खरा प्रश्न. सोसायटीतली आखणी साधारण अडीच बाय पाच मीटर. ५.३ मीटरची गाडी एक फूट बाहेर राहणार आणि शेजाऱ्यांशी रोज तंटा. यांत्रिक पार्किंग असेल, तर त्याच्या पाटीवर लांबी आणि वजन दोन्हींची मर्यादा लिहिलेली असते, ती बुकिंगच्या आधी वाचावी. हायलक्सची उंची १.८ मीटरच्या वर. टपावर मिटलेला तंबू आला की सव्वादोन मीटरकडे सरकते आणि तळघराच्या तुळईला, स्प्रिंकलरच्या नळांना ते पुरेसे असते.

रोज कोथरूड ते हिंजवडी, सिग्नल-सिग्नल करत जायचे असेल, तर आणखी एक. बीएस-६ डिझेलमधला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जाळायला सलग वेग मागतो. दिवा लागला की महामार्गावर वीस-तीस मिनिटे साठच्या वर, एका लयीत गाडी चालवावी. पुन्हापुन्हा मध्येच इंजिन बंद केले, तर न जळालेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढले म्हणून खूश होणारेही असतात!

ट्रेलर ओढायचा विचार असेल, तर त्याची वेगळी नोंदणी लागते. परदेशी माहितीपत्रकातले ‘साडेतीन टन’ इथे गृहीत धरू नयेत. ते ब्रेक असलेल्या ट्रेलरचे आणि तिथल्या मंजुरीचे आकडे आहेत. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर यावा. त्याहून फार कमी असेल तर ट्रेलर शेपटी हलवतो. आणि हुकवरचे हे वजनही गाडीच्या क्षमतेतूनच वजा होते.

भरलेली गाडी ताम्हिणी किंवा वरंध उतरताना ज्या गिअरमध्ये चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवावी. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडच्या उतारावर इंधन वाचवायला न्यूट्रल टाकण्याची सवय किती महाग पडते, ते पुणेकरांना सांगायला नको. ब्रेक सतत दाबून तापले की त्यांची पकड जाते. पेडल टणक लागते आणि गाडी मात्र थांबत नाही.

आता वजन करायचे कसे. मार्केट यार्ड किंवा चाकणकडे वजनकाटे आहेत, खर्च किरकोळ. टाकी भरून, नेहमीचे सामान आणि सगळी माणसे बसवून जावे. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. तीन पावत्या घ्याव्यात. एकूण आकडा आरसीवरच्या लेडन वजनाशी आणि मागचा आकडा दाराच्या किंवा चासीच्या पट्टीवरील ॲक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहावा. पट्टीवर तो नसेल, तर कंपनीकडून लेखी मागावा. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा ॲक्सल मात्र बाहेर, असे पुष्कळदा निघते. अशा वेळी आधी फाळक्याकडचे सामान पुढे घ्यावे आणि परत काट्यावर चढावे. डेमो गाडीही अशीच तोलून दाखवायला डीलरला सांगता येते. नाही म्हणाला, तर दुसरा डीलर.

आपला,
एक वाहनप्रेमी वाचक
कोथरूड, पुणे